तीनशे बारा ग्रॅम

आमच्या विभागात एखादं काम कोणाच्या तरी गळ्यात मारायचं असलं की विभागप्रमुख बाई कॉफीच्या वेळी ते मोठ्याने वाचून दाखवतात आणि विचारतात, "कोणाची हरकत?" कोणी काही बोलत नाही. आम्ही फिनलंडची माणसं; हरकत असली तरी ती घरी जाऊन, दार लावून, भिंतीला सांगतो. मग बाईंची नजर टेबलाभोवती फिरते आणि ज्याचं तोंड भरलेलं असेल त्याच्यावर थांबते. कारण तो पुढचं मिनिटभर तरी बोलू शकणार नसतो. त्या सोमवारी माझ्या तोंडात वेलदोड्याचा गोड पाव होता.

अशा रीतीने मी, ओक्को केत्तुनेन, वय सत्तावीस, हिर्विलाम्पी गावच्या उच्च माध्यमिक शाळेसाठी विद्यापीठाचा 'तज्ज्ञ सहकारी' झालो. तिथल्या रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला एक तास आखायला मदत करायची, तो पार पाडायचा, आणि पोरांच्या मनात रसायनशास्त्राची ओढ निर्माण करायची. ओढ निर्माण करण्याचा मला अनुभव होता असं नाही. माझा प्रबंध एका स्फटिकावर आहे. तीन वर्षं झाली, तो स्फटिक अजून झालेला नाही. पांढरा व्हायला हवा, तो पिवळा होतो. टणक व्हायला हवा, तो चिकट होतो. माझे मार्गदर्शक म्हणतात, हाही एक निष्कर्षच आहे. डॉक्टर लोक नातेवाइकांना बाहेर बोलावून ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात म्हणतात.

आणखी एक गोष्ट होती, जी मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. शाळेत असताना रसायनशास्त्राचा चौथा भाग मी घेतलाच नव्हता. त्याच वेळेला गोठलेल्या तळ्यावर मासे पकडण्याचा ऐच्छिक तास होता, आणि मला प्रामाणिकपणे वाटलं होतं की आयुष्यात उपयोग त्याचाच होईल. पुढे प्रवेशपरीक्षेत चौथ्या भागावरचा प्रश्न सोडून देता येत होता, मी सोडला. त्यानंतर मला कोणी विचारलंच नाही. मीही विषय काढला नाही.

मंगळवारी बसने दोन तास जाऊन मी हिर्विलाम्पीला उतरलो. शाळेच्या दारात बूट काढले तेव्हा लक्षात आलं की डाव्या पायाचा अंगठा मोज्याबाहेर आलाय आणि सगळं बघतोय.

तेल्लेर्वो हापासालो रसायनशास्त्राच्या खोलीत बीकर पुसत उभी होती. वय बासष्ट, पांढरा कोट, पायांत गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे.

"तूच का तो विद्यापीठाचा?"

"हो."

"मोज्याला भोक आहे."

"हो."

"कॉफी?"

"हो."

आमच्याकडे याला जिव्हाळ्याची सुरुवात म्हणतात. आम्ही अर्धा कप काही न बोलता प्यायलो. मग तेल्लेर्वो म्हणाली, "पुढच्या सत्रात चौथा भाग आहे."

मी कप जपून खाली ठेवला. "अच्छा," मी म्हणालो.

"बारा नावं लागतात, नाहीतर वर्ग निघत नाही. महिनाअखेरच्या शुक्रवारी दुपारी तीनला नोंदणी बंद. आत्ता चार आहेत."

"चार म्हणजे अगदीच वाईट नाही."

"त्यातलं एक चुकून पडलंय. त्या पोराला चित्रकला हवी होती. अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही. तू काही बोलू नकोस."

"आणि बारा नाही झाली तर?"

तिने बीकर उजेडासमोर धरला. त्यावर डाग नव्हता, तरी तो पुन्हा पुसला. "तर हा विषय शेजारच्या गावाहून पडद्यावर शिकवणार. एक माणूस तिथे बोलणार, पोरं इथे बघणार. ही खोली संगणकावरचे खेळ शिकवायला जाणार. ओस्मोने खुर्च्या मागवल्यात. लाल दिवे लागतात त्यांना." ओस्मो म्हणजे मुख्याध्यापक.

"आणि तू?"

"मी चाळीस किलोमीटरवर जाऊन सातवीला अपूर्णांक शिकवणार. दोन वर्षं. मग निवृत्त." तिने बीकर खाली ठेवला. "पडद्यातून वास येत नाही, ओक्को. अठ्ठावीस वर्षं मी इथल्या पोरांना वास घ्यायला शिकवलंय. नाक लांब ठेवायचं, हाताने वारा ओढायचा. आख्ख्या गावात सगळे असाच वास घेतात, बघ तू. दुकानात मासे घेताना बायका असा हात करतात. ते पडद्यावरून कोण शिकवणार?"

मी हेलावलो. ते चेहऱ्यावर दिसू न देण्यासाठी मी बॅगेतून माझा आराखडा काढला.

आराखडा सतरा पानी होता. मी तो आठवडाभर खपून केला होता, म्हणजे तेवढे दिवस मला स्फटिकाकडे बघावं लागलं नाही. पंचाहत्तर मिनिटांच्या तासाचा मिनिटा-मिनिटाचा तक्ता, चार रंगांत. विषय: माझा स्फटिक, तो झाला असता तर. तेल्लेर्वोने पेन्सिल कानामागून काढली आणि वाचायला लागली. मी खिशातली डबी काढून चघळत बसलो.

"हे काय?" नवव्या पानावर तिने पेन्सिल टेकवली. "'नऊ सत्तेचाळीस ते नऊ एकोणपन्नास: विद्यार्थी थक्क होतात.'"

"जास्त वेळ ठेवायला हवा होता का?"

"सत्त्याण्णव साली एक मुलगा थक्क झाला होता. नंतर कळलं, ताप होता."

"बरं."

"'प्रश्नोत्तरे, पंधरा मिनिटे.' इथे कोणी प्रश्न विचारत नाही."

"कधीच नाही?"

"एकीने एकदा खिडकी उघडू का म्हणून विचारलं होतं." तिने पान उलटलं. "पण ती बाहेरगावची होती."

सतराव्या पानापर्यंत पोचल्यावर तिने सगळे कागद नीट जुळवले, कडा ठोकून सारख्या केल्या आणि माझ्या हातात परत दिले. "कागद चांगला आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. "तू मघापासून काय चघळतोयस?"

"साल्मियाक्की."

तिने पेन्सिल कानामागे खोचली. मग श्वास आत ओढत "हो" म्हणाली. आमच्याकडे हा 'हो' फार क्वचित, फार खोलवर काही पटलं तरच निघतो.

साल्मियाक्की म्हणजे काळी, खारट, जिभेला चटका देणारी गोळी. तिच्यात नवसागर असतो. बाकीचं जग ज्या नवसागराने भांड्यांना कल्हई करतं, तो आम्ही पोरांना शहाणपणाने वागल्याबद्दल बक्षीस म्हणून देतो. हिर्विलाम्पीतल्या प्रत्येक खिशात तो होता. तेल्लेर्वोने माझ्या सतराव्या पानाच्या पाठीवर तीन ओळींत आख्खा तास लिहिला. गोळ्या वजन करून घ्यायच्या. पाण्यात विरघळवून, गाळून, त्यातल्या मोजलेल्या थोड्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचं. काळ्या गोळीतून जो पांढरा साका खाली बसेल, तो वाळवून, तोलून, उलटं गणित करून सांगायचं: गोळीत नवसागर किती टक्के?

"पाकिटावर साडेसात टक्के छापलंय," ती म्हणाली. "बघू, येतात का."

"एवढंच?"

"एवढंच."

पुढच्या मंगळवारी मी बरणीभर, मोजून एक किलो साल्मियाक्की घेऊन आलो. बरणी शाळेत ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. शाळा म्हटली की पोरं आली, आणि पोरं आली की कोणीतरी हात घालणार. प्रयोगाचं साहित्य एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावं, म्हणून मी ती दर खेपेला माझ्याबरोबर नेत-आणत होतो. जाताना दोन तास, येताना दोन तास. बाहेर अंधार, खिडकीवर बर्फ, मांडीवर बरणी.

त्या दिवशी आम्ही माझ्या खिशातल्या डबीतल्या गोळ्या घेऊन प्रयोग स्वतः करून पाहिला. साका छान पडला. मग गणित करायची वेळ आली. साक्याच्या वजनावरून नवसागराचं वजन काढायचं होतं. शाळकरी गणित. मी फळ्यासमोर उभा राहिलो, खडू उचलला, आणि मला कळलं की हे नेमकं चौथ्या भागात असतं. मी एक भागाकार केला. तो पुसला. उलटा केला. उत्तर आलं की गोळीत एकशे दहा टक्के नवसागर आहे.

"जोरदार गोळी आहे," तेल्लेर्वो म्हणाली.

"विद्यापीठात आम्ही हे यंत्रावर करतो."

"हं." तिने खडू घेतला, दोन ओळींत गणित सोडवलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी एक गोळी तोंडात टाकली.

तिसऱ्या मंगळवारी सुरक्षिततेचा तक्ता भरला. ते काम मी आग्रहाने माझ्याकडे घेतलं, कारण गणित नव्हतं. अकरा नियम लिहिले: चष्मा घाला, केस बांधा, सिल्व्हर नायट्रेट बोटांना लावू नका, आठवडाभर काळी राहतील, वगैरे. 'संभाव्य धोका' या रकान्यात मी 'कंटाळा' लिहिलं होतं. तेल्लेर्वोने ते खोडलं.

"बारावा नियम लिहायचा का?" तिने विचारलं. "प्रयोगाचं साहित्य खाऊ नये?"

"छे," मी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारत म्हणालो. "एकदा वजन केलं की ते रसायन. रसायन कोण खाईल? पोरांचा अपमान होईल."

तिने काही म्हटलं नाही. म्हणजे तिची हरकत होती.

बुधवारी तास होता, नोंदणी बंद व्हायला दोन दिवस उरले होते, नावं अजून चारच होती. बाहेर उणे बावीस. एकोणीस पोरं मोज्यांच्या पायांनी आवाज न करता आत आली आणि टोप्या न काढता बसली. मी स्वतःची ओळख करून दिली. एक विनोद केला. तो खोलीतून सरळ चालत गेला आणि भिंतीला लागला. पहिल्या बाकावर हिल्ला नावाची मुलगी होती, राखाडी टोपीत फक्त नाक दिसत होतं. ती माझ्या मोज्यांकडे बघत होती. मागे रासमुस नावाचा उंच मुलगा होता. त्याने डोकं टेबलावर ठेवलं होतं, काढून ठेवावं तसं.

सहा गट केले. प्रत्येकाला पन्नास ग्रॅम तोलून दिले. मी बरणी परत माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि तिच्यापुढे उभा राहिलो, कोणी हात घालू नये म्हणून. मग कामाला लागलो, म्हणजे तेल्लेर्वो लागली आणि मी चष्मे वाटले. पाणी काळं झालं, गाळण कागदातून फिकट पिवळं उतरलं, आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला तसा आत दुधासारखा पांढरा ढग फुटला. कोणी काही म्हणालं नाही. पण रासमुसने डोकं उचललं. मी घड्याळ बघितलं: नऊ सत्तेचाळीस. मी तेल्लेर्वोकडे विजयी नजर टाकली. ती तिच्या घरच्या हेअर ड्रायरने साका वाळवत होती, तिने बघितलंच नाही.

उत्तरं फळ्यावर लिहिली. सहा पूर्णांक एक. पाच पूर्णांक चार. सहा पूर्णांक आठ. पाच पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक नऊ. सहा पूर्णांक सहा.

मी फळ्याकडे बघत राहिलो. एकाचंही साडेसात नव्हतं. एकाचंही साडेसातच्या वर नव्हतं. सहाही कमी!

आता इथे एखाद्या खऱ्या तज्ज्ञाच्या मनात काय आलं असतं ते मला माहीत नाही. माझ्या मनात आलं: कारखाना चोर आहे. तीन वर्षांत माझ्या हातून एक निष्कर्ष निघाला नव्हता, आणि इथे, मोज्यांच्या पायांनी, अर्ध्या तासात, सहा स्वतंत्र गटांनी सिद्ध केलेला निष्कर्ष फळ्यावर उभा होता.

"मित्रांनो," मी म्हणालो. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने वापरला. "पाकिटावर साडेसात टक्के लिहिलंय. तुम्ही आज दाखवून दिलंत की ते खोटं आहे. कित्येक वर्षं या देशातल्या मुलांना, म्हाताऱ्यांना, माझ्या आजीला, कमी नवसागर दिला जातोय. आपण ग्राहक कार्यालयाला पत्र लिहू या. आत्ता. मी मजकूर सांगतो." आणि मी फळ्यावर खरोखर लिहायला लागलो: माननीय महोदय.

"ओक्को," तेल्लेर्वो मागून हळूच म्हणाली.

"थांब जरा, आवेश आहे तोवर लिहितो."

"ओक्को. हात वर आहे."

मी वळलो. हिल्लाचा हात वर होता. फार उंच नाही, कानाच्या पातळीला, पण हात होता. सगळा वर्ग त्या हाताकडे बघत होता.

"खिडकी उघडायची का?" मी विचारलं.

"नाही," हिल्ला म्हणाली. "गोळ्या तोलल्यानंतर कोणी खाल्ल्या का?"

अशी शांतता झाली की हेअर ड्रायर गार होतानाची टकटक ऐकू आली. मी म्हणालो, "हिल्ला, ते रसायन होतं. रसायन कोणी…"

"जिभा काढा," तेल्लेर्वो म्हणाली.

एकोणीस जिभा बाहेर आल्या. एकोणीसच्या एकोणीस काळ्या.

"सिल्व्हर नायट्रेट उघडायच्या आधी की नंतर?" तिने कडक आवाजात विचारलं.

"आधी," सगळे म्हणाले, जिभा बाहेरच असल्यामुळे जरा अस्पष्ट.

"नक्की?"

"नंतर त्याची चव कोण बघणार?" रासमुस म्हणाला. "आम्ही काय वेडे आहोत?"

तेल्लेर्वो खुर्चीवर बसली. मला वाटलं ती रडणार. ती फळ्याकडे बघत म्हणाली, "माननीय महोदय पुसून टाक." मग पोरांना म्हणाली, "जेवढा नवसागर साक्यात नाही, तेवढा पोटात आहे. वस्तू नाहीशी होत नाही, कुठेतरी जाते. कोणत्या गटाने किती खाल्लं, ते काढता येईल का?"

पुढे जे झालं ते माझ्या कोणत्याच तक्त्यात नव्हतं. एकोणीस डोकी कागदावर वाकली. ज्या गणितात मी अडकलो होतो ते ती पोरं उलटं, सुलटं, दोन्ही हातांनी करायला लागली. कारण आता प्रश्न विज्ञानाचा नव्हता, प्रश्न शेजाऱ्याचा होता.

"आमचे नऊ ग्रॅम."

"खोटं. मी दोनच खाल्ल्या."

"मग बाकीच्या कोणी?"

"माझ्याकडे बघू नकोस, मी मोजून चार."

"पाचवा गट!" कोणीतरी मागून ओरडलं. ओरडलं! "तीन पूर्णांक नऊ! म्हणजे यांनी चोवीस ग्रॅम खाल्ले! अर्धा प्रयोग खाल्ला!"

सगळे वळून रासमुसकडे बघायला लागले. तो सावकाश ताठ बसला. "नाश्ता केला नव्हता," तो म्हणाला.

बेरीज झाली: वर्गाने मिळून जवळजवळ एकोणसत्तर ग्रॅम खाल्ले होते. मी हात पाठीमागे बांधून फेऱ्या घालत होतो आणि चेहऱ्यावर थोडं दुःख आणलं होतं. "मला वाईट एवढंच वाटतं," मी म्हणालो, "की आपण एकमेकांवर विश्वास ठेवला होता."

हिल्लाचा हात पुन्हा वर गेला. एका दिवसात दोनदा. "बरणी पण तोलू या का?"

"बरणीची काय गरज?" मी म्हणालो.

"हिशोब पुरा होईल. किती आणल्या होत्यास?"

"साधारण…"

"एक किलो," तेल्लेर्वो म्हणाली.

"वाटल्या तीनशे. सातशे उरायला हव्यात."

हिल्ला उठली, माझ्यापुढून बरणी उचलली, दुसऱ्या भांड्यात ओतली आणि तराजूवर ठेवली. आकडे धावले आणि थांबले. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"तीनशे बारा कमी," हिल्ला म्हणाली.

"बाष्पीभवन," मी म्हणालो.

"उणे बावीसला?"

"नवसागर द्रव न होता थेट वायू होऊ शकतो. हे फार लोकांना माहीत नसतं."

तिने फोन बघितला. "तीनशे अडतीस अंशाला होतो. बसमध्ये तेवढं गरम होतं का?"

कोणी हसलं नाही. आमच्याकडे हसत नाहीत. फक्त नाकातून थोडी हवा सोडतात. पण एकोणीस जणांनी एकदम सोडली तेव्हा पुढच्या टेबलावरचे गाळण कागद हलले.

"ओक्को," तेल्लेर्वो म्हणाली. "जीभ."

मी विद्यापीठाचा प्रतिनिधी होतो. माझ्या कोटावर विद्यापीठाचं चिन्ह होतं. मी जीभ काढली.

"बाप रे," रासमुस मनापासून म्हणाला.

घंटा झाली. पोरांनी भांडी धुतली, चष्मे परत ठेवले आणि आली होती तशीच निघून गेली. कोणी आभार मानले नाहीत, कोणी 'छान होता तास' म्हटलं नाही, कोणी मागे वळून बघितलं नाही. तेल्लेर्वोने नोंदणीचं पान उघडलं. चार. तासाभराने बघितलं. तीन. चित्रकलावाल्याच्या लक्षात आलं होतं.

परतीच्या बसमध्ये मांडीवर बरणी होती, आणि दोन तास मी तिला हात लावला नाही. माझा स्फटिक बिघडला तर बिघडतो, त्याने कोणाचं काही जात नाही. पण इथे एका बाईची अठ्ठावीस वर्षं होती आणि मी ती बसमध्ये बसून एकेक करून चघळली होती. असं मला हिर्विलाम्पी ते विद्यापीठ वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशीही वाटलं.

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला फोन वाजला. तेल्लेर्वो फोन करत नाही. कोणीच करत नाही. मी दचकून उभाच राहिलो.

"अकरा," ती म्हणाली.

"काय अकरा?"

"नावं. काल संध्याकाळी सहा होती. आज जेवणाच्या सुट्टीत अकरा झाली. हिल्लाने स्वतःचं नाव घातलं, वर पाच जणांना आणलं. चित्रकलावाला परत आला. आणि रासमुस. 'हा विषय का निवडला' या रकान्यात त्याने लिहिलंय, 'पुढच्या वेळी काय आहे ते बघायला.'"

"अकरा!" मी म्हणालो.

"बारा लागतात."

आम्ही दोघं गप्प बसलो. फोनवर गप्प बसायला आम्हाला संकोच वाटत नाही, पण घड्याळ पुढे सरकत होतं. दहा मिनिटं उरली.

"ओस्मोला विनंती करून बघ," मी म्हणालो.

"केली. तो म्हणाला, नियम बाराचा आहे. खुर्च्या आल्यात." मग ती घसा साफ करत म्हणाली, "मी नियम वाचले. बाहेरचा माणूससुद्धा शाळेत एखाद्या विषयाला नाव घालू शकतो. वयाची अट नाही. विद्यार्थी म्हणूनच धरतात. एकच अट आहे, तो भाग त्याने आधी कुठे पास केलेला नसावा."

"अच्छा."

"ओक्को."

"हं."

"एकशे दहा टक्के."

मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्या खोलीत आणखी चौघं बसले होते, चौघंही डॉक्टरेट करणारे, चौघंही कान टवकारून ऐकत नसल्याचं दाखवत होते. मी दहा वर्षं जपलेलं गुपित होतं ते.

"मासे पकडायला गेलो होतो," मी हळूच म्हणालो. "त्याच वेळेला तो तास होता."

"मिळाले का?"

"एक. छोटा होता. सोडून दिला."

"दोन सत्तावन्न झाले," तेल्लेर्वो म्हणाली. "पान उघड. आडनाव आधी."

'हा विषय का निवडला' या रकान्यात मी 'गरज' लिहिलं. दोन एकोणसाठला बारावं नाव पडलं. मग, बऱ्याच वेळाने, श्वास आत ओढत एक "हो" आला, आणि फोन बंद झाला.

सोमवारी ओस्मोने शिक्षकांच्या खोलीत कॉफीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं, की रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारा एक इसम रसायनशास्त्राच्या चौथ्या भागाला विद्यार्थी म्हणून बसणार आहे. मग विचारलं, कोणाची हरकत? तेल्लेर्वो सांगते, सगळ्यांची होती. कोणी बोललं नाही.

त्यामुळे आता मी दर मंगळवारी आणि गुरुवारी दोन तास बसने जातो. मार्गदर्शकांना सांगितलंय की पायाभूत संशोधन चालू आहे. लाल दिव्यांच्या खुर्च्या परत पाठवता येत नव्हत्या, म्हणून त्या आमच्याच वर्गात आल्या. आम्ही बारा जण मागे रेलून, लाल उजेडात, नाक लांब ठेवून, हाताने वारा ओढत वास घेतो. माझी जागा दुसऱ्या रांगेत आहे, हिल्लाच्या मागे. ती कधी कधी वळून माझं गणित बघते आणि काही न बोलता खोडरबर देते.

वसंतात निकाल लागला. आमच्याकडे चारला नापास आणि दहाला सर्वोत्तम. हिल्लाला दहा मिळाले. रासमुसला नऊ. मला सात. शेऱ्यात तेल्लेर्वोने लिहिलं होतं: 'हात बरा आहे. निष्कर्ष काढण्याची घाई करतो. मोजे नवे घेतले आहेत.'

मी तिला म्हणालो की आठ द्यायला हरकत नव्हती, आपली ओळख आहे. ती म्हणाली, ओळख आहे म्हणूनच सात. पुढच्या सत्रात पाचवा भाग आहे. त्याला चौदा नावं आली आहेत आणि त्यात माझं नाही, कारण पाचवा मी शाळेत केला होता, असं मला जवळजवळ नक्की आठवतं.

बरणी आता शाळेतच असते, आम्लांच्या कपाटात, खालच्या फळीवर. तीनशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली हिल्लाकडे असते.